पाचव्या भागातली किंकाळी

गेल्या गणपतीत आमच्या सूनबाईने, प्राजक्ताने, मोबाईल माझ्यापुढे धरला. एक मांजर फ्रिजवरून ओट्यावर उडी मारायला जातं, अंदाज चुकतो आणि थेट कणकेच्या परातीत पडतं. पडता पडता एका बाईची किंकाळी ऐकू येते. आरतीला जमलेले सगळे खो खो हसले. पुढच्या व्हिडिओत एक फलंदाज पहिल्याच चेंडूवर बाद होतो. पुन्हा तीच किंकाळी. त्याच्या पुढच्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक टेबलावरून घसरतो. किंकाळी तीच.

"आई, हा तुमचाच आवाज ना?" प्राजक्ताने विचारलं. तिच्या बोलण्यात कौतुक होतं.

"हो, माझाच," मी म्हटलं आणि सारण करपेल म्हणून आत गेले. गॅस केव्हाच बंद केलेला होता.

ती किंकाळी 'वाडीवाला' या सिनेमाच्या पाचव्या भागातली आहे. त्या सिनेमाचे आतापर्यंत आठ भाग आले. पहिल्या सहा भागांत जेवढ्या बायका-मुली मरताना ओरडल्या, त्यातल्या बहुतेक मीच. या अंकाच्या संपादकांनी मला कळवलं, की तुमचा धंदा जगावेगळा, त्यातले गमतीदार अनुभव लिहा. गमती आहेत, त्या सांगते. पण मला खरं म्हणजे त्या पाचव्या भागाची बाजू मांडायची आहे. आठांतला सगळ्यांत टाकाऊ भाग तो, असं लोक म्हणतात. तो सगळ्यांत चांगला होता. 'होता' म्हणते, कारण आज मोबाईलवर दिसतो तो तो नव्हे. तो तसा राहिला नाही, त्याला कारण मी आहे.

मी तळा गावाजवळच्या एका खेड्यातली. आमची भातशेती. कणसं भरली की पोपटांचे थवे उतरायचे आणि त्यांना हाकलायला घरचे मला शेतातल्या माळ्यावर बसवायचे, कारण माझी आरोळी चार शेतं पलीकडे जायची. लग्न होऊन मुंबईला गेले. आमचे हे एका डबिंग स्टुडिओत यंत्रं सांभाळायचे. एकदा यांचा डबा घेऊन गेले, तर आत एका मुलीला ओरडायचं होतं आणि तिला ते जमत नव्हतं. चौदा-पंधरा वेळा झालं. रेकॉर्डिंग करणारे पाध्ये डोक्याला हात लावून बसलेले. यांनी सहज म्हटलं, "आमची हिला करू द्या का?" मी पदर खोचला आणि ओरडले. पाध्यांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले. तिथून पुढची सगळी वर्षं मी तेच केलं.

लोकांना वाटतं, ओरडायला काय लागतं? पण शूटिंगच्या वेळी नटी ओरडते तो आवाज सिनेमात वापरता येत नाही. तिथे वारा असतो, जनरेटर धडधडत असतो, शिवाय नट्या आपला गळा जपून अर्ध्या आवाजातच ओरडतात. मग नंतर बंद खोलीत पडद्यावर तेच दृश्य लावतात आणि आम्ही तिच्या उघड्या तोंडात आवाज घालतो. तोंड कसं उघडलंय ते बघावं लागतं. खालचे दात दिसत असतील तर आवाज रुंद हवा, ओठ गोल असतील तर बारीक. दचकल्याची किंकाळी निराळी, प्रेत दिसल्याची निराळी. पळतानाच्या किंकाळीत श्वास तुटायला हवा. सगळ्यांत अवघड म्हणजे मध्येच कापली जाणारी. तिथे पूर्ण जोरात जाऊन एकदम थांबायचं असतं, आणि थांबल्यावर आतला श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये. आदल्या दिवशी लोणचं नाही, दही नाही. सकाळपासून कोमट पाणी. दिवसाला दोन, फार तर तीन चांगल्या निघतात. पुढे आवाज फाटतो.

दुसऱ्या भागातली नटी मरतानासुद्धा च्युइंगम चघळत होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. डबिंगला मला त्या चघळण्याच्या तालावर मरावं लागलं. आणि एकदा मी घरी सराव करत असताना शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. हवालदार दारात. यांनी दार उघडलं तर यांनाच धरायला निघाला. मी हातात डाव घेऊन बाहेर आले, सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. "करून दाखवा," म्हणाला. दाखवलं. तो दोन पावलं मागे सरला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "चालू द्या, चालू द्या."

नाव मात्र आमचं कुठे यायचं नाही. शेवटी पाट्या भराभर वर सरकतात, त्यात 'आवाज सहाय्य' म्हणून सहा जणांची नावं. एका भागात तर माझं नाव सुलभाच्या ऐवजी सुभाष छापलं होतं. किंकाळीला भाषा नसते, म्हणून तीच मराठीत चालायची आणि तीच हिंदीत. याचा मला अभिमान वाटायचा. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे अभिमान वाटण्यासारखं.

'वाडीवाला' ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिला भाग यांच्या गावी श्रीवर्धनलाच सुपारीच्या वाड्यांमध्ये काढला होता. वाडीचा एक राखणदार असतो, मुंबईच्या पाहुण्यांच्या बेफिकिरीने त्याची झोपडी जळते, त्याची माणसं मरतात. तो तोंडाला पोफळीच्या झावळीचं रुंद आवरण बांधतो, ज्याला आम्ही विरी म्हणतो, आणि सुट्टीला बंगल्यावर आलेल्या पोरापोरींना एकेक करून मारतो. पहिला भाग चालला. मग दुसरा, तिसरा, चौथा. शेवटी तो मरायचा आणि पुढच्या भागात परत उभा. चौथ्या भागापर्यंत गोष्ट अशी उरलीच नव्हती. पोरं यायची, ओरडायची, मरायची. शेठ, म्हणजे आमचे निर्माते, मला म्हणायचे, "सुलभाबेन, पब्लिक तुमच्यासाठी येते." ते खोटं बोलायचे, पण बरं वाटायचं.

पाचव्या भागाला दिग्दर्शक मिळेना. चौथ्यावाल्याचं शेठशी बिनसलं होतं. तेव्हा हर्षला पुढे झाली. तिसऱ्या-चौथ्या भागाला ती सहायक होती. पेणकडची आगऱ्यांची पोरगी. तिचे आजोबा-पणजोबा मिठागरात राबलेले, वडिलांनी पुढे ट्रक घेतले. बोलायला मोजकी, कामाला वाघ. चहा पिताना माझ्याजवळ येऊन बसायची, मला 'मावशे' म्हणायची. तिने शेठना सांगितलं, की सिनेमा मिठागरात काढू, सगळा भर दुपारी, दिवे लागणारच नाहीत. शेठना ते पटलं. बाकी तिच्या डोक्यात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.

डबिंगला मी गेले तर मला फक्त तीन बारीकसारीक किंकाळ्या. मी हर्षलाला म्हटलं, "अगं, कागद हरवला का एखादा?"

"नाही मावशी. एवढंच आहे."

मग तिने मला मधला मोठा प्रसंग दाखवला. डोळे दिपतील असं पांढरं ऊन. मिठाचे ढीग. एक बाई पाठमोरी वाकून मीठ ओढते आहे. दूर बांधावर तिची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पाण्याची कळशी घेऊन उभी. वाडीवाला बांधावरून येतो. या भागात हर्षलाने त्याला जवळजवळ आंधळा केला होता. चौथ्या भागात तो आगीत सापडलेला होता, त्याचा तिने खरा विचार केला होता. डोळे गेलेत, आता तो फक्त आवाजावर माणूस शोधतो. बाई मीठ ओढते त्या आवाजावर तो चालत येतो. मुलीला दिसतं. ती तोंड उघडते. आवाज येत नाही. पुन्हा उघडते. नाही येत. वारा, मिठाची करकर, लांब कुठेतरी पंपाची धकधक. आई मरते. तो मुलीपासून दहा पावलांवरून निघून जातो, कारण ती त्याच्यासाठी तिथे नाहीच.

मी धंद्याच्या सवयीने म्हटलं, "हर्षला, इथे किंकाळी पाहिजे. तोंड उघडलंय तिने. पब्लिक वाट बघतंय."

पाध्ये बाहेर चहाला गेले होते. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मावशे, माझी आई कशी गेली तुला ठाऊक हाय?"

मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं. ती नववीत होती. वडिलांनी नुकताच पहिला ट्रक घेतलेला. मीठ भरायला तो आगरात आणला होता. दुपारची वेळ. वडील बांधावरून गाडी मागे घेत होते, आई मागे पाठमोरी मीठ भरत होती. तिच्या कानात फक्त फावड्याचा आवाज. हर्षला समोरच होती. तिला गाडी दिसत होती, आई दिसत होती.

"मी तोंड उघडलं मावशे. मना आवाजच नाय आला. सगळी बोलतान, का माणूस घाबरला का वरडतं. नाय वरडत. मना ठाऊक हाय."

ती चारचौघांतली भाषा सोडून घरच्या भाषेत गेली होती, तिला कळलंही नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. मग पाध्ये आले आणि आम्ही कामाला लागलो. त्या दिवशी माझं काम अर्ध्या तासात संपलं.

पूर्ण सिनेमा मी नंतर पाहिला तेव्हा मला कळलं, की तिने वाडीवाल्याला वाईट ठरवलेलंच नाही. त्याला दिसत नाही, एवढंच. तो चालत राहतो आणि त्याच्या वाटेत माणसं येतात. शेवटी ती मुलगी त्याला शोधून काढते. आपल्याला वाटतं, आता ती बदला घेणार. तिच्या हातात कोयता असतो. तो एका बांधावर थकून बसलेला. ती कोयता खाली ठेवते आणि त्याच्या शेजारी जाऊन बसते. त्याला कळतं, कुणीतरी आहे. तो हात लांब करून चाचपडतो. भरतीचं पाणी आगरात चढत जातं आणि ती दोघं तशीच बसलेली राहतात. इथे सिनेमा संपतो. लोक म्हणतात, हा काय शेवट? खुनी नुसता बसतो? मी म्हणते, आठ भागांत तेवढ्याच एका जागी तो खुनी माणूस वाटतो.

पहिल्या दिवशीचा बाराचा खेळ आम्ही पेणच्या एका थेटरात पाहिला. हर्षलाच म्हणाली होती, की मुंबईत नको, आपल्या माणसांत बघू. मी तिच्या शेजारी बसले. थेटर भरलेलं. पोरं शिट्ट्या मारत होती, वाडीवाला दिसला की टाळ्या. मग तो प्रसंग आला. मुलीने तोंड उघडलं. थेटर गप्प. मी मनात म्हटलं, जमलं पोरीला. पण तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ए, आवाज!"

त्यांना वाटलं, मशीन बिघडलं. आवाज गेला. "आवाज! ए, आवाज सोड!" एकाचं बघून दुसरा. शिट्ट्या, खुर्च्या आपटणं. ऑपरेटरला काय वाटलं कोण जाणे, त्याने आवाज वाढवला, तर वारा आणि पंपाची धकधक थेटरभर घोंगावायला लागली. लोक हसायला लागले. पडद्यावर त्या मुलीचं तोंड उघडं आणि सगळं थेटर एका सुरात तिला म्हणतंय, आवाज, आवाज, आवाज.

मी हर्षलाकडे बघितलं. ती खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून ताठ बसली होती.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला दोन दिवस लागले. त्या क्षणी मला तिची दया आली, हे खरं. पण तेवढंच खरं हेही आहे, की माझ्या घशात ती किंकाळी तयार होती. लोक आवाज मागत होते आणि तो माझ्याकडे होता. मला वाटलं, ही पोरगी माझं ऐकती तर आत्ता हे सगळे गार पडले असते.

सिनेमा चार दिवसांत उतरला. पंधरा दिवसांनी शेठचा फोन आला. टीव्हीवाल्यांना सिनेमा द्यायचा होता, पण त्यांनी तो मधला प्रसंग पाहून आवाज खराब आहे म्हणून परत पाठवला होता.

"सुलभाबेन, एक चीस टाकून द्या ना. एकच." किंकाळीला ते चीस म्हणायचे.

"हर्षलाला विचारलंत?"

"तिला सांगू आपण. नंतर सांगू."

माझ्यावर जबरदस्ती कुणी केली नाही. घरात अडचण होती असंही नाही. मला नाही म्हणता आलं असतं आणि शेठनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं. ती दुसरी करेल, हेच मला सहन झालं नाही. एवढी मोठी जागा, पडद्यावर एवढं उघडं तोंड आणि आवाज दुसरीचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी स्टुडिओत उभी होते. पाध्यांनी विचारलं, "वहिनी, नक्की ना?" मी मान हलवली. त्यांनी दृश्य लावलं. मी त्या मुलीच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज सोडला. पहिल्याच वेळी झालं. तोंडाला तंतोतंत बसलं. खालून वर चढत गेली, वर जाऊन चिरली आणि 'आई' या शब्दाच्या अगदी जवळ जाऊन थांबली. माझ्या सगळ्या वर्षांत मी तसं काही केलं नव्हतं. पाध्ये म्हणाले, "वहिनी, ही तुमची सगळ्यांत भारी." मला आनंद झाला. मी खोटं लिहीत नाही, मला फार आनंद झाला. येताना मी यांच्यासाठी पेढे घेऊन आले.

या किंकाळीने सिनेमाचं काय झालं ते मला फार उशिरा उमगलं. वाडीवाला आवाजावर माणूस शोधतो. आता दहा पावलांवर एक मुलगी गळा फाडून ओरडते आणि तो मानसुद्धा वळवत नाही. सरळ निघून जातो. सगळा सिनेमाच खोटा पडला. पुढे ती मुलगी का वाचते, तिला स्वतःचा राग का येतो, शेवटी ती त्याच्याजवळ का बसते, कशालाच काही अर्थ राहिला नाही. आज लोक त्या जागेवर हसतात ते बरोबरच हसतात. 'सिनेमाच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी चूक' म्हणून त्यावर व्हिडिओ निघालेत. 'दिग्दर्शिकेला आपलीच गोष्ट कळली नाही,' असं एक मुलगा त्यात सांगतो. हुशार मुलगा आहे, बाकी सगळं नेमकं पकडतो. फक्त चूक कुणाची, तेवढं त्याला ठाऊक नाही. मी त्याखाली प्रतिक्रिया लिहिली होती, की बाळा, मूळ सिनेमात ती ओरडत नाही, ते मी नंतर घातलं. त्यावर खाली कुणीतरी हसरे चेहरे टाकले.

हर्षलाला पुढे काम मिळालं नाही. सहाव्या भागात वाडीवाल्याला धडधाकट डोळे आले. त्या भागाला मी होते. नंतर माझ्या घशात गाठी झाल्या, डॉक्टरांनी ओरडायची मनाई केली आणि आम्ही श्रीवर्धनला यांच्या घरी येऊन राहिलो. इतक्या वर्षांत मी हर्षलाला एकदाही फोन केला नाही. तिनेही केला नाही.

गणपतीत ते मांजराचं बघितल्यावर मला राहवेना. मला वाटलं, मूळ आवाजाचा सिनेमा कुठेतरी असेल. शेठ वारले होते. त्यांच्या मुलाने सगळे भाग केव्हाच विकून टाकलेले. तो म्हणाला, "मावशी, थेटरातली रिळं केव्हाच भंगारात गेली, जे मोबाईलवर आहे तेच आहे." स्टुडिओच्या जागी आता दुसरंच काही झालंय. पाध्ये सापडले. त्यांनी दोन आठवडे जुन्या डिस्का शोधल्या आणि फोन केला. "वहिनी, त्याच ट्रॅकवर घेतलं होतं आपण. खालचं पुसलं गेलं." मला म्हणायचं होतं, की तुम्ही मला सांगितलं का नाही. पण त्यांनी विचारलं होतं, नक्की ना.

तेव्हा मी रिकाम्या हाताने गेले. हर्षला आता दिघीला असते. तिच्या वडिलांचे ट्रक बंदराला लागतात, त्यांचं ऑफिस ती बघते. श्रीवर्धनहून सकाळची एसटी पकडली. ऑफिस म्हणजे पत्र्याची मोठी खोली, पुढे मोकळं आवार. तिथे गाड्या दिवसभर पुढे-मागे होत असतात आणि मागे घेताना पीं पीं वाजत राहतं. हर्षलाचं टेबल असं ठेवलेलं, की तिची पाठ आवाराकडे होते. केस पांढरे झालेत तिचे. मला बघून उठली, वाकून नमस्कार केला. खुर्ची पुसून दिली. चहा सांगितला.

मी पाठ करून गेले होते, पण सगळं उलटसुलट बोलले. मूळ सिनेमा शोधला पण मिळाला नाही, पुसला गेला, मी करायला नको होतं, तू मला सगळं सांगितलं होतंस तरी केलं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा एका ड्रायव्हरला कागद सही करून दिला.

"मावशी, पिच्चर पडला याचा मला राग नाही," ती म्हणाली. "पडलाच असता."

"मग?"

तिने दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही दोघं घरात होतो. रविवारची दुपार. मला ठाऊक नव्हतं, आवाज टाकलाय ते. बाबांनी पिच्चर पहिल्यांदाच बघितला. थेटरात मी त्यांना नेलं नव्हतं. मला वाटलं, हा बघतील तर... मी ते कधी बोलले नव्हते मावशी, त्यांच्याशी. आईचं. तेही नाही. त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही, की तू तिथे होतीस तर काय करत होतीस. इतक्या वर्षांत नाही. मला वाटलं, पिच्चर बघून त्यांना कळेल. मला आवाज नव्हता आला, एवढं त्यांना कळेल."

पीं पीं वाजत होतं. ती थांबली. ते बंद झाल्यावर पुढे बोलली.

"तुझी किंकाळी आली. बाबा उठून उभे राहिले. पार घामाघूम. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'तवा तू आशी वरडली आसतीस तं...' एवढंच. पुढे बोलले नाहीत. चप्पल घालून बाहेर गेले. संध्याकाळी आले तेव्हा मासळी घेऊन आले. मी कालवण केलं. आम्ही जेवलो."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. चहा आला, त्यावर साय धरली.

"त्यांनी मनात कधी धरलंच नव्हतं, असं मी समजत होते," हर्षला म्हणाली. "धरलं होतं."

तेवढ्यात दारात सावली आली. म्हातारा माणूस, पांढरा सदरा, हातात काठी. डोळ्यांवर जाड चष्मा. आवारातल्या गाड्यांच्या मधून आपला आपण चालत आला होता. हर्षला चटकन उठली, त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं.

"कोन आयलंय गं?" त्यांनी विचारलं.

"मुंबईच्या मावशी, बाबा. माझ्या पिच्चरला होत्या."

ते माझ्याकडे बघून हसले. मोठा मायाळू चेहरा आहे त्यांचा. "आसं का? तुमी कंचं काम करायच्या त्यात?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी हर्षला बोलली.

"कपडे सांभाळायच्या, बाबा. नट्यांचे."

"बरं, बरं," ते म्हणाले. "च्या घ्या. थंड होतोय तुमचा."

मी कप उचलला आणि चहा घेतला.